डेटास्क्रिप्ट: पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये हंगामभर वापरल्यावर

नाशकात सॉफ्टवेअरचा धंदा मांडला की आज ना उद्या द्राक्षांशी गाठ पडतेच. माझ्याकडे पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसचं काम आहे. माल युरोपला जातो, म्हणजे प्रत्येक पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग लागला पाहिजे. अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीवर भरायचं ते भरलं जातंच. प्रश्न आतला होता: कोल्ड स्टोअरमध्ये कुठल्या पॅलेटवर कोणत्या प्लॉटचा माल उभा आहे? मालकांची अट एकच. "मॅडम, रिफ्रेशचं बटण दाबत बसायला माझ्याकडे माणूस नाही. स्क्रीन आपली आपण बदलली पाहिजे."

म्हणून डेटालॉगवाली मुक्तस्रोत साधनं चाळायला घेतली. डेटालॉग म्हणजे नोंदी आणि नियम सांगितले की त्यावरून उत्तर काढणारी क्वेरीची भाषा. सूफ्ले आणि गूगलची लॉजिका लगेच बाजूला ठेवली. दोन्ही चांगली आहेत, पण प्रश्न विचारा, उत्तर घ्या, विषय संपला, अशा जातीची. टिकलं ते डेटास्क्रिप्ट. निकिता प्रोकोपोव्ह यांनी 2014 मध्ये आणलेला हा छोटा डेटाबेस ब्राउझरच्या मेमरीतच चालतो. लिहिलाय क्लोजरस्क्रिप्टमध्ये, म्हणजे क्लोजर भाषेच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रूपात, पण साध्या जावास्क्रिप्टमधूनही वापरता येतो. क्लोजर येणारी पोरं इथे शोधायची कुठून, त्यामुळे ही सोय माझ्या दृष्टीने फार मोठी.

खरी मजा नियमांत आहे. पेटी फोडून माल पुन्हा भरला की नवा नंबर पडतो, आणि तीही पेटी कधीकधी पुन्हा फुटते. डेटालॉगमध्ये हे दोन ओळींत बसतं: पेटीवर प्लॉट नोंदला असेल तर तोच तिचा उगम, नाहीतर ज्या पेटीतून ती भरली तिचा उगम तोच हिचा. नियम स्वतःलाच बोलावतो आणि साखळी कितीही लांब असो, टोक गाठतो. आमच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणाऱ्या) क्वेरीनेही हे होतं, नाही असं नाही. पण सहा महिन्यांनी ती क्वेरी उघडून वाचायची वेळ आली की फरक कळतो.

काही खरेदीदार पॅकिंगनंतर पुन्हा रेसिड्यूचा (फवारणीच्या औषधांच्या अंशाचा) नमुना मागतात. तो रिपोर्ट खराब आला की त्या प्लॉटला 'थांबवा' अशी एक नोंद पडते. पोस्टग्रेसच्या नोटिफायमधून (बदल कळवणाऱ्या सोयीतून) ती वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझरशी सतत जोडलेल्या वाटेवर, जाते आणि ब्राउझरमधल्या डेटास्क्रिप्टमध्ये उतरते. तिथे प्रत्येक व्यवहारानंतर (नोंदी बदलल्यावर) नेमकं काय बदललं याची यादी मिळते. यादीत आपल्या कामाचं खातं (नोंदीतला 'प्लॉट', 'पॅलेट' असा रकाना) दिसलं तरच क्वेरी पुन्हा चालवायची. लोडिंगच्या ताईंसमोर संबंधित पॅलेट लाल होतात आणि फोर्कलिफ्टवाला तिथेच थांबतो. हेच काम पॉश नावाची लायब्ररी तयार करून देते, पण ती रिएजंट या क्लोजरस्क्रिप्टच्या स्क्रीन बनवणाऱ्या लायब्ररीशी बांधलेली आहे आणि तिच्यात बऱ्याच काळात फारशी हालचाल नाही. मी ऐकणारं फंक्शन हातानेच लिहिलं.

आणखी एक गोष्ट आवडली. डेटाबेसची प्रत्येक अवस्था न बदलणारी असल्यामुळे 'समजा' विचारता येतं. समजा हे दोन पॅलेट कंटेनरमधून काढले, तर पेट्या किती कमी पडतील? उत्तर मिळतं आणि खऱ्या नोंदीला धक्काही लागत नाही. मालक हल्ली याचाच जास्त वापर करतात.

आता खटकलेलं. खात्याचं नाव क्वेरीत चुकीचं टाइप झालं तरी डेटास्क्रिप्ट तक्रार करत नाही, निमूट रिकामं उत्तर देतं. आमच्याकडे रिकाम्याचा अर्थ 'या प्लॉटची एकही पेटी स्टोअरमध्ये नाही' असा होतो, म्हणजे कंटेनर सुटलाच. म्हणून प्रत्येक क्वेरीआधी नावं तपासणारं फाटक बसवलंय, तुम्हीही बसवा. जावास्क्रिप्टमधून क्वेरी स्ट्रिंग म्हणून द्यावी लागते, त्यामुळे एडिटरचीही मदत नाही. ओळींचा क्रमही स्वतः सांभाळायचा: आधी 'प्लॉट अमुक' लिहिलं तर चटकन उत्तर, आधी सगळ्या पेट्या उपसायला लावल्या तर स्क्रीन अडखळते. शिवाय सगळं मेमरीत, पान बंद केलं की गेलं. असली नोंद पोस्टग्रेसमध्येच हवी.

आणि याला मी अर्धंच रिॲक्टिव्ह (बदलाला आपोआप प्रतिसाद देणारं) म्हणेन. बदल कळतो, पण क्वेरी पहिल्यापासून चालते. फक्त बदललेल्या भागाचं उत्तर काढणारं साधन म्हणजे व्हीएमवेअर रिसर्चचं डीडीलॉग. फ्रँक मॅकशेरी यांच्या डिफरन्शियल डेटाफ्लो या फक्त बदलांवर हिशेब करणाऱ्या लायब्ररीवर बांधलेलं. विचार म्हणून अफाट! पण नियम आधी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत उतरतात, मग रस्ट कंपाइल होतं, आणि एक नियम बदलला की पुन्हा तीच वाट. घरच्या चटणीसाठी डंकन बसवल्यासारखं. आता तर तो प्रकल्प अर्काइव्हमध्ये गेलाय, म्हणजे त्यावरचं काम थांबलंय. त्यामागची काही मंडळी फेल्डेरा नावाचं तशाच विचाराचं साधन करतायत, तिथे भाषा एसक्यूएल.

एका पॅकहाऊसचा एका हंगामाचा माल ब्राउझरच्या मेमरीत आरामात मावतो, तेवढ्यासाठी डेटास्क्रिप्ट डोळे झाकून घ्या. दहा पॅकहाऊसचा एकत्र हिशेब मांडायचा असेल तर घेऊ नका, तिथे सर्व्हरवरचंच काहीतरी लागेल.