कासवाची घरगुती पेटी: कोकणात कुठलं सामान टिकतं, कुठलं फुगतं

कासवाच्या पेटीची इंटरनेटवरची बहुतेक माहिती थंड देशांतली असते. तिथे निम्मं बजेट ऊब देण्यात जातं. रत्नागिरी-मालवणकडे ऊब फुकट आहे. पेटी कुजते ती दमट, खाऱ्या हवेने. म्हणून सामानाची निवड करताना इथे एकच प्रश्न विचारायचा: आषाढात याचं काय होईल?

आधी कागदपत्रं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, कुणी दिलं असलं तरी. रेड-फूटेड, हर्मन, सल्काटा या विदेशी जातींची 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. खालचं सगळं नोंद असलेल्या, वीतभर लांबीपर्यंतच्या जमिनीवरच्या कासवासाठी आहे.

माशांचा काचेचा टँक दुकानदार हमखास पुढे करतात. घेऊ नये. चारही बाजू बंद असल्याने पावसाळ्यात आत वाफ कोंडते, शिवाय कासवाला काच दिसत नाही. ते दिवसभर तिला डोकं लावून चालायचा प्रयत्न करत राहतं. प्लॅस्टिकचा मोठा क्रेट पिल्लाला पहिलं वर्षभर चालतो आणि सर्वांत स्वस्त पडतो, पण त्याच्या कडेवर दिव्याचा भार टाकला की तो वाकतो. टिकाऊ पर्याय प्लायचाच.

8 बाय 4 फुटांच्या एका शीटमधून पूर्ण पेटी निघते. 12 मिलिमीटर जाडी पुरे. दुकानात शीट मधोमध कापून 4 बाय 4 चे दोन तुकडे करून घ्या. पहिल्यातून 4 बाय 2 चा तळ आणि 4 बाय दीडची एक लांब बाजू निघते, अर्ध्या फुटाची पट्टी उरते. दुसऱ्यातून दुसरी लांब बाजू आणि 2 बाय दीडच्या दोन आखूड बाजू. इथे फूटभर रुंदीची पट्टी उरते. या दोन्ही पट्ट्या फेकायच्या नाहीत, त्यांचं काम पुढे आहे. आखूड बाजू तळावर, लांब बाजूंच्या मध्ये बसतात, म्हणून त्या 24 ऐवजी 23 इंचच ठेवायच्या. हा इंच विसरला की पेटी चौकोनी बसत नाही आणि सगळा दोष सुताराच्या माथी जातो.

प्लायच्या दर्जात मात्र काटकसर नको. ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय एका पावसाळ्यात कडेने फुगतो, पापुद्रे सुटतात. शीटवर आयएस 710 हा शिक्का बघून बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा मरीन प्लाय घ्या. स्क्रू एसएस 304 चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, दीड इंची. काळे ड्रायवॉल स्क्रू समुद्राजवळच्या घरात लवकर गंजतात आणि काढायला गेलं की डोकं तुटून हातात येतं. चुंबकाला घट्ट चिकटणारा स्क्रू 304 चा नसतो. भोकं आधी अडीच मिलिमीटरच्या ड्रिलने पाडावीत, नाहीतर प्लायची कड फाटते. आतून पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन हात, कापलेल्या कडांना चौथा, आणि कोपऱ्यांत सिलिकॉन. मग दोन आठवडे पेटी उघडी ठेवायची. वास पूर्ण जाईपर्यंत कासव आत सोडू नये.

आता यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण. हा सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत जास्त फसवणुकीचा भाग. कासवाच्या शरीरात डी-3 जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी लागतं, तरच कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. ऑक्टोबर ते मे सकाळचं ऊन, अर्धी सावली ठेवून, हे काम फुकट करतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. पावसाचे चार महिने मात्र ट्यूबला पर्याय नाही. दोन फुटी, 24 वॅटची टी-5 (बारीक नळीची) ट्यूब, 10 ते 12 टक्के यूव्हीबीवाली, रिफ्लेक्टरसह घ्या. पिळदार सीएफएलसारखा बल्ब स्वस्त असतो, पण त्याचा किरणपट्टा थाळीएवढा. नुसतं ‘यूव्ही’ लिहिलेली, पाण्याच्या फिल्टरमधली ट्यूब तर अजिबात नको. ती यूव्हीसी, म्हणजे जंतू मारणाऱ्या तीव्र किरणांची असते, तिने कासवाचे आणि माणसाचेही डोळे भाजतात. चांगली ट्यूबसुद्धा वर्षाने बदलावी. प्रकाश दिसत राहतो, यूव्हीबी घटलेलं असतं.

ट्यूब कवचापासून 12 ते 15 इंचांवर हवी. पेटी 18 इंच उंच, त्यात 4 इंच माती, तीन-चार इंच उंचीचं कासव, म्हणजे पेटीच्या काठालाच ट्यूब लावली तर ती फार जवळ येते. उरलेल्या पट्ट्या इथे कामी येतात. अर्ध्या फुटाच्या पट्टीचे तुकडे काठावर 6 इंच उंच उभे करून त्यांवर फूटभर रुंद पट्टी आडवी टाका आणि तिच्या खाली ट्यूब बसवा. अंतर बरोबर जुळतं, आणि मधल्या फटीतून हवाही खेळते. मांजर-कावळ्यांसाठी बाकीच्या भागावर जाळी हवीच, पण ती ट्यूबच्या खाली येऊ देऊ नका, जाळीही यूव्हीबी अडवते.

शेकायला 50 वॅटचा हॅलोजन, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, साखळीवर टांगलेला, लाकडापासून निदान सहा इंच दूर. खाली कडप्प्याचा फूटभर तुकडा. चिरा ठेवायचा मोह होतो, पण तो पाणी धरून ठेवतो आणि लाल भुकटी सोडतो. कडप्प्यावर हर्मनसाठी 33 ते 35 अंश, रेड-फूटेडला 30 ते 32 पुरे. बल्ब वरखाली करून मोजायचं. पोटाखालून तापणारे दगड विकत मिळतात, ते टाळा. कासव ऊब पाठीवर घेतं, पोट भाजलेलं त्याला वेळेवर कळत नाही. ट्यूब आणि बल्ब बारा तास चालले तरी दिवसाला युनिटही पूर्ण जळत नाही. वायरला प्लगजवळ खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही.

तळाला कोकोपीट आणि साधी माती. 4 बाय 2 फुटांत 4 इंच थर म्हणजे साधारण 75 लिटर. कोकोपीटची पाच किलोची दाबलेली वीट आणि दोन-तीन घमेली माती पुरते. कोकोपीटात मीठ असू शकतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायचं. किनाऱ्यावरची वाळू नको, मीठ आणि पोटात गोळा, दोन्हींचा धोका. भाताचा तूस आणि पेंढा श्रावणापर्यंत बुरशीने पांढरा होतो. ओल देताना वरून फवारा मारू नका, कोपऱ्यात तांब्याभर पाणी सोडा. खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहिला पाहिजे. पोट सतत ओलं राहिलं की खालच्या कवचाला कुज लागते.

रेड-फूटेड दमट जंगलातलं, त्याला आपली हवा मानवते. हर्मन कोरड्या प्रदेशातलं. त्याच्यासाठी एका आखूड बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर इंची भोकांची रांग पाडा. गरम हवा वरून निघते, ताजी खालून येते. नाकातून बुडबुडे दिसले तर पेटीशी खेळत न बसता पशुवैद्य गाठावा.

लपायला पिल्लाला जुनं नळीचं कौल पुरतं, मोठ्याला अर्धं फुटलेलं मडकं, धार घासून. कॅल्शियमसाठी बाजारातली पाकिटं कशाला? किनाऱ्यावर समुद्रफेस मिळतो, म्हणजे म्हाकुलाचं हाड. दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, उकळा, उन्हात वाळवा आणि तुकडा आत टाका.

लाल मुंग्यांसाठी जुनाच इलाज: पेटी टेबलावर, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. वाट्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास तिथेच. आणि सल्काटा असेल तर एवढा प्लाय कापायच्या आधी अंगण मोजा. मोठा नर 40 किलोंच्या पुढे जातो.