अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी काय घ्यावं: स्टीलचं बेडपॅन, पिशवी, लगद्याचं भांडं की डायपर?

हॉस्पिटलमधून घरी सोडताना औषधांची चिठ्ठी मिळते, व्यायाम समजावून सांगतात, पुढच्या तपासणीची तारीख देतात. संडास-लघवीचं घरी कसं करायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुणी नीट सांगत नाही. मग घरातलं कुणीतरी सर्जिकलच्या दुकानात जातं आणि दुकानदार पुढे करेल ते घेऊन येतं. बहुधा प्रौढांच्या डायपरचं मोठं पाकीट. पुढे कित्येक महिने तेच चालू राहतं, कारण दुसरं काही करून बघायला कुणाकडे उसंत नसते.

म्हणून खरेदीआधीच तीन गोष्टी बघाव्यात. रुग्णाला संडास-लघवी लागल्याची जाणीव होते का, आणि ती खुणेने का होईना कळवता येते का? त्याला कंबर थोडी तरी उचलता येते, की कुशीवरच वळवावं लागतं? आणि घाण शेवटी कुठे जाणार, कुणाच्या हातून? पहिल्या दोन प्रश्नांचा विचार घरात आपोआप होतो. तिसऱ्याचा होत नाही, आणि एकदा वापरून टाकायच्या सगळ्या वस्तूंची खरी परीक्षा तिथेच आहे.

स्टीलचं भांडं

काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. जाड अंगाच्या माणसाचं पूर्ण वजन पडलं तरी वाकत नाही. तक्रारी दोन: गार लागतं आणि धुवावं लागतं. गारठ्यावर उपाय सोपा आहे. आधी कोमट पाण्याने विसळून पुसून घ्या, काठावर मऊ सुती कापडाची घडी ठेवा. तळाशी थोडं पाणी किंवा टिश्यूचे दोन-तीन थर टाकले की मळ चिकटत नाही आणि धुण्याचं निम्मं काम कमी होतं.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मळ संडासात रिकामा करायचा, साध्या पाण्याने विसळायचं, साबण लावून ब्रशने घासायचं आणि मगच जंतुनाशक. मळ असतानाच ब्लीच ओतलं तर त्यातला क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो, जंतूंसाठी काही उरत नाही. बाजारातलं हायपोक्लोराइट (म्हणजे हेच ब्लीच) 5 टक्क्यांचं असेल तर त्याच्या एका भागात चार भाग पाणी घातल्यावर 1 टक्क्याचं द्रावण होतं. दहा मिनिटं पुरे. मग साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. रात्रभर बुडवून ठेवल्यास स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि घाण त्यांतच साठते. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि आपल्याकडच्या लहान, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

घरात रुग्ण एकच असेल, तर धुऊन वापरायच्या भांड्याला घाबरायचं कारण नाही. भांड्यावरचे जंतू त्याच माणसाचे असतात. धोका असतो तो धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांचा आणि धुणाऱ्याच्या हातांचा. हातमोजे घालायचे, आणि ते काढल्यावरही साबणाने हात धुवायचे. एकच भांडं दोघांना वापरलं की गणित बदलतं. ते घरातही करू नये, वॉर्डात तर नाहीच.

आकाराकडे दुकानात फारसं लक्ष दिलं जात नाही. नेहमीचं गोल बेडपॅन चांगलंच उंच असतं. त्यावर बसवायला कंबर बरीच उचलावी लागते. खुब्याचं हाड मोडलेल्या, नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा खूप कृश झालेल्या माणसाला ते सोसत नाही. त्यांच्यासाठी पाचरीच्या आकाराचं चपटं भांडं येतं. दुकानात ‘फ्रॅक्चर पॅन’ किंवा ‘स्लिपर पॅन’ म्हणून मागा. त्याची पातळ कड कमरेखाली सरकते आणि जाड, मुठीची बाजू पायांकडे राहते. त्यात मावतं कमी, पण रुग्णाला दुखत नाही. दुखत असेल तर रुग्ण संडास रोखून धरतो आणि चार दिवसांनी बद्धकोष्ठाचं नवं दुखणं उभं राहतं.

भांड्यात बसवायची पिशवी

परदेशात हा प्रकार आता बराच रुळला आहे. फ्रान्सच्या क्लिनिस कंपनीची ‘केअरबॅग’ किंवा कॅनडाच्या हायजी कंपनीच्या पिशव्या ही त्यातली ओळखीची नावं. प्लास्टिकची पिशवी बेडपॅनवर चढवायची. तिच्या तळाशी शोषक पॅड असतं, ते साधारण अर्धा लिटर द्रवाचं बघता बघता जेल करतं. वापर झाला की गाठ मारायची. भांडं जवळजवळ कोरडंच राहतं, शिंतोडे नाहीत, वासही कमी.

सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. रात्री एकट्याने करायचं असेल, संडास खोलीपासून लांब असेल, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर घर चालत असेल, तर पिशवीचा विचार जरूर करावा. पण जेल झालेला मळ संडासात ओतता येत नाही. तो पिशवीतूनच कचऱ्यात जातो, आणि ती पिशवी पुढे कुणीतरी माणूसच हातात घेतो.

साध्या जाड पिशवीने यातला अर्धा फायदा मिळतो. ती भांड्यावर ताणून बसवा, तळाशी टिश्यू घाला, वापरानंतर मळ संडासात रिता करा आणि रिकामी पिशवी गुंडाळून टाका. मळ जिथे जायला हवा तिथे जातो आणि कचऱ्यात जवळजवळ काहीच जात नाही. घरच्यासाठी मला हा मधला मार्ग सर्वांत पटतो. सराव लागतो, पण दोन-चार दिवसांत हात बसतो.

लगद्याचं भांडं

वापरून फेकायचं बेडपॅन म्हणजे खरं तर हे. अंड्यांचे ट्रे बनतात तसाच रद्दी वर्तमानपत्राचा लगदा साच्यात दाबून, पाणी लवकर मुरू नये अशी प्रक्रिया करून बनवलेलं. ब्रिटनच्या रुग्णालयांत 1960 च्या दशकापासून ही भांडी वापरात आहेत. व्हर्नाकेअर ही तिथली जुनी कंपनी. लगद्याचं भांडं एकट्याने वजन पेलत नाही. ते प्लास्टिकच्या कायमच्या आधारात बसवून रुग्णाखाली सरकवतात. वापर झाला की भांडं मळासकट मॅसेरेटर नावाच्या यंत्रात टाकतात. ते यंत्र थंड पाण्यात सगळ्याचा बारीक चोथा करून ड्रेनेजमध्ये सोडतं. घासणं नाही, एकाचं भांडं दुसऱ्याला जाणं नाही.

याचं मोल कळतं ते क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या वेळी. प्रतिजैविकांच्या मोठ्या कोर्सनंतर काही रुग्णांना याचे जुलाब लागतात. त्याचे बीजाणू (कठीण कवचात तग धरून राहणारं जंतूचं रूप) हातावरच्या अल्कोहोल सॅनिटायझरने मरत नाहीत. बेडपॅन धुण्याच्या यंत्रात 80 अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राखणं ही किमान अपेक्षा मानली जाते, पण त्या उष्णतेलाही हे बीजाणू पुरून उरतात. अशा वेळी भांडंच नष्ट करणं हा सरळ उपाय ठरतो. आधाराचं प्लास्टिक मात्र प्रत्येक वापरानंतर पुसून निर्जंतुक करावं लागतं. ते विसरलं तर लगद्याच्या भांड्याचा फायदा राहत नाही.

घरी मात्र मी हे सुचवणार नाही. मॅसेरेटरशिवाय ते संडासात टाकलं तर पाइप तुंबतो, आणि गावाकडच्या सेप्टिक टँकमध्ये तर ते मुळीच टाकू नये. मळ ओतून उरलेलं ओलं भांडं कचऱ्यातच द्यावं लागतं. मळ लागलेला कागद रद्दीत चालत नाही. शिवाय भांड्यांचा साठा कोरड्या जागी ठेवावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा पडलेला गठ्ठा दमट होऊन मऊ पडणार, आणि मऊ पडलेलं भांडं रुग्णाखाली दगा देणार.

आपल्याकडे मात्र या वस्तूवर नव्याने विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. उसाच्या चिपाडापासून ताटल्या, वाट्या साच्यात दाबून बनवण्याचं तंत्र देशात आहे, आणि महाराष्ट्रात ऊस भरपूर. त्यातून बेडपॅन घडवायचं तर ताटलीचा साचा मोठा करून भागणार नाही. ताटलीवर वजन पडत नाही, इथे माणूस बसतो. काठ रुंद आणि गोलसर हवा, नाहीतर माकडहाडाजवळची पातळ कातडी कापते. मागची कड चपटी हवी, म्हणजे कंबर कमी उचलावी लागेल. लघवी निदान काही तास झिरपता कामा नये, म्हणजे पाणी अडवणारा लेप लागणार, पण तो असा असावा की भांडं खड्ड्यात कुजेल. झाकण त्याच लगद्याचं हवं, कारण रुग्णाच्या खोलीतून संडासापर्यंत जाताना घरातली माणसं समोर असतात आणि रुग्णाला त्याची लाज वाटते. मॅसेरेटर नसलेल्या घराचा विचार करून बनवलेलं असं भांडं अजून माझ्या पाहण्यात नाही.

डायपर

डायपरला माझा विरोध नाही. जाणीवच गेली असेल, स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला असेल, जुलाब आवरत नसतील, लांबचा प्रवास असेल, रात्री सांभाळणारं एकच माणूस असेल, तर डायपर हवाच. विरोध आहे तो लागल्याचं कळणाऱ्या माणसाला “अहो, त्यातच करा” असं सांगण्याला. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसालाही बहुतेक वेळा सगळं कळत असतं. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत रोज त्याच वेळी भांडं द्यावं. डॉक्टरांची हरकत नसेल तर डोक्याकडची बाजू उंच करावी. बऱ्याच जणांना काही दिवसांत वेळेची सवय लागते. भांडं दहा-पंधरा मिनिटांहून जास्त खाली ठेवू नये. काठाचा दाब नेमका बेडसोअर (सतत दाबाने होणाऱ्या जखमा) होतात त्या जागी येतो.

डायपरच्या पाकिटावरच्या शोषणाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. आतलं शोषक रसायन सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या कित्येक शे पट शोषतं, पण लघवीत क्षार असतात, त्यामुळे ती क्षमता शंभर पटींच्याही बरीच खाली येते. मळ तर ते शोषतच नाही. मळ आणि लघवी एकत्र आली की कातडी लवकर सोलवटते, आणि त्यावर दाब पडला की जखम होते. म्हणून संडास झाली की लगेच बदलायचा, पाकिटावर किती का तास लिहिलेले असेनात. बेडसोअर टाळायला हवेचा एअर बेड घेतला असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: डायपर, त्याखाली अंडरपॅड (अंथरायचं शोषक पॅड), त्याखाली रबर शीट, वर चादर असे थर चढत गेले की त्या बेडचा उपयोग कमी होत जातो.

खर्चही बघा. एक प्रौढ डायपर साधारण 30 ते 60 रुपयांना. दिवसाला तीन-चार लागले तर महिन्याला तीन ते सात हजार. दिवसा भांडं आणि रात्री डायपर असं केलं तर हा खर्च निम्म्याच्या आसपास येतो.

कचरा कुणाच्या हातात जातो

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये वापरलेले डायपर उत्पादकाने दिलेल्या पिशवीत किंवा दुसऱ्या योग्य वेष्टनात गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देण्याची मोहीम चालवली. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडकं न उघडता आत काय आहे ते कळावं, एवढीच मागणी होती. ठिपका काढायला काही सेकंद लागतात. तुमच्या गावात मोहीम असो-नसो, हे करा. आणि डायपरमधला मळ जमेल तेवढा आधी संडासात झटका. परसात जाळू नका. तो नीट जळत नाही, आणि धूर घरातच येतो.

नर्सिंग होम आणि वृद्धाश्रम

इथे खरी निवड दोन यंत्रांत आहे: गरम पाण्याने धुणारं वॉशर-डिसइन्फेक्टर की मॅसेरेटर. वॉशरला वीज आणि बरं पाणी लागतं. जड पाण्याच्या गावात क्षार साचून नोझल बंद होतात. मॅसेरेटरला भांड्यांचा अखंड पुरवठा आणि चांगलं ड्रेनेज लागतं, आणि कुणी वेट वाइप किंवा हातमोजा आत टाकला की ते अडकतं. देखभालीचा माणूस जवळच्या शहरात नसेल तर दोन्ही यंत्रं काही दिवसांनी कोपऱ्यात पडतील. दहा-बारा खाटांच्या वृद्धाश्रमाने प्रत्येक खाटेला नाव लिहिलेलं स्वतंत्र स्टीलचं भांडं, धुणाऱ्या मावशींना जाड हातमोजे, ॲप्रन, डोळ्यांना चष्मा आणि धुण्यासाठी वेगळं सिंक एवढी सोय केली तरी पुष्कळ होतं. जुलाबाची साथ आली तर तेवढ्यापुरत्या पिशव्या.

घरासाठी माझी यादी अशी. चपटं स्टीलचं भांडं एक, पुरुष रुग्ण असेल तर युरीन पॉट वेगळं, साध्या जाड पिशव्यांचा गठ्ठा, रात्रीसाठी डायपरचं लहान पाकीट, दोन-तीन अंडरपॅड. लघवीची नळी घातली असेल तर भांडं लागतं ते फक्त संडासासाठी, बहुधा दिवसातून एकदाच. मग डायपरचं पाकीटही आणू नका. रुग्ण भारी असेल आणि सांभाळणारं एकटं असेल, तर भांडं निवडण्याआधी कुशीवर वळवायचं कसं ते फिजिओथेरपिस्टकडून किंवा नर्सिंग ब्युरोच्या अनुभवी बाईकडून शिकून घ्या. रुग्णाला कुशीवर करायचं, भांडं नितंबांना टेकवून धरायचं आणि त्याच्यासकट परत पाठीवर आणायचं. काढतानाही भांडं आडवं घट्ट धरून आधी रुग्णाला वळवायचं. खालून ओढून काढलं की सांडतं, आणि कातडीही त्याच्याबरोबर ओढली जाते.