सनस्क्रीन की स्कार्फ?

भाची पलासियाहून राजवाड्याला रोज स्कूटीने जाते. परवा म्हणाली, "मावशी, सनस्क्रीनवर पैसे घालू की स्कार्फ पुरे?" इंदूरच्या सिग्नलवर डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलेल्या मुली पाहिल्या की प्रश्न रास्त वाटतो.

उन्हातले यूव्हीबी हे अतिनील किरण कातडी भाजतात. यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण खोल शिरून कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतात, म्हणून सुरकुत्या. ते काचेतूनही येतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मात्र सुरकुत्यांआधी डाग आणि वांग उमटतात.

खर्चात स्कार्फ जिंकतो, वादच नाही. सनस्क्रीनची ट्यूब महिनोन्‌महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. चेहरा-मानेला दोन बोटं भरून हवं, आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. एवढं कोण करतं? मीही नाही.

संरक्षणात खरी गोम आहे. पांढरा, विरळ सुती स्कार्फ बरंच ऊन आत सोडतो, घामाने भिजला की आणखी. उजेडासमोर धरून पाहा. पलीकडचं दिसलं तर तो धुळीपुरताच. घट्ट विणीचा, गडद घ्या. सनस्क्रीनमध्ये एसपीएफ (यूव्हीबीपासून संरक्षणाचा आकडा) 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98, म्हणजे फरक थोडाच. यूव्हीएसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं बघा.

तासाभराच्या स्कूटीला दाट स्कार्फ आणि पूर्ण बाह्या. डोळ्यांभोवती नि हातांच्या पाठीला तेवढं सनस्क्रीन. दिवसभर खिडकीशी बसणाऱ्यांना सनस्क्रीनच. वांग असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं. भाचीने स्कार्फ घेतला. पांढराच.