सेकंडहँड फेंडर ब्लूज ज्युनिअर: एक पावसाळा काढल्यावर

गिटारसाठी ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) हवा आहे पण नवा परवडत नाही, अशांच्या नजरेत कधी ना कधी फेंडर कंपनीचा ब्लूज ज्युनिअर भरतोच. १५ वॅट, बारा इंची एक स्पीकर, स्पीकर हलवणाऱ्या पॉवरच्या भागात दोन ईएल८४ ट्यूब, त्याआधीच्या प्रीअँपला तीन १२एएक्स७ ट्यूब आणि खरा स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून आवाज घुमवणारा). वजन चौदा किलोच्या आसपास, त्यामुळे एकट्याने जिना चढवता येतो. माझा मेक्सिकोत बनलेला, क्रीम रंगाच्या सर्किट बोर्डचा. अमेरिकेतून पुण्याला परतलेल्या एका वादकाकडून ३२ हजारांना घेतला. तेव्हाही आवाज आवडलाच होता, पण आज घरी वाजतो तो आवाज वेगळा आहे, आणि हा फरक महागड्या ट्यूबांनी पडलेला नाही. वीज, कपॅसिटर आणि बायस (सूर नसतानाही पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणारी जुळणी) या तीन गोष्टींनी पडला आहे.

अँप अमेरिकेतला, म्हणजे १२० व्होल्टचा. आपल्याकडे स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लागणारच. बाजारातले बरेच स्वस्त स्टेपडाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात: आत एकच वाइंडिंग आणि बाहेर दोन पिनांचं सॉकेट. अर्थिंग तिथेच तुटतं. गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलच्या शील्डमधून थेट अँपच्या चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. चासीला अर्थ नसेल आणि आत कुठे इन्सुलेशन गेलं, तर तो करंट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येतो. समोर माइक असेल तर ओठांपर्यंत. ज्यांच्याकडे अँप नेला ते काका आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत आलेत. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "घरचं अर्थिंग तपासलंयस का? आधी ते बघून ये, मग उघडतो." जुन्या इमारतींत भिंतीवर तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून पाहून घ्या.

पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या तापकीर गल्लीतून ५०० व्हीए क्षमतेचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, अर्थ आरपार नेलेला. काकांनी तो २३०:१२० ऐवजी २२०:११० चाच करायला लावला. कारण साधं आहे. आमच्याकडे रात्री लाइट २४५ व्होल्टपर्यंत चढते. २३०:१२० मधून तेव्हा जवळजवळ १२८ व्होल्ट निघाले असते, निम्म्याच्या गुणोत्तरात १२२ निघतात. दिवसा २३० असताना ११५ मिळतात, हीटरला (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला) सहा व्होल्टच्या थोडे वर पोचतात, आणि ट्यूबना तेवढं पुरतं. अँपच्या आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झच्या देशातला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, म्हणूनही व्होल्टेज खालच्या बाजूला असलेलं बरं.

आता घूं, म्हणजे अँपमधून सतत येणारा गुणगुणाट. गिटारच्या कानाला उपयोगी पडेल अशी एक खूण सांगतो. फिल्टर कपॅसिटर (विजेतली लहर सपाट करणारे) थकले की आपल्याकडे १०० हर्ट्झची घूं येते, आणि जाड तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ९८ हर्ट्झवर आहे. घूं त्या सुराला जवळजवळ मिळत असेल तर संशय कपॅसिटरवर घ्या. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर हीटर किंवा ग्राउंडकडे बघा. माझी वरच्या सप्तकातली होती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतातच. ४५० व्होल्टचे, मूळ मूल्याचेच नवे टाकले आणि घूं गेलीच, शिवाय खालचे सूर घट्ट झाले. पूर्वी ई तार जोरात छेडली की आवाज फसकन बसायचा. हे काम येत नसेल तर स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. काका आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचे, मग मीटर लावून शून्य झालं का ते बघायचे, आणि मगच बोट आत.

बायसला या मॉडेलमध्ये फिरवायचा पॉट नाही, रेझिस्टरने पक्का केलेला असतो. दोन्ही ईएल८४ च्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावून मोजलं (जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर), तर ४० च्या आसपास. ट्यूबच्या प्लेटवर, म्हणजे करंट ओढून घेणाऱ्या टोकावर, ३२५ व्होल्ट. स्क्रीन नावाच्या आतल्या जाळीच्या करंटचा वाटा वजा करूनही प्रत्येक ट्यूब गप्प बसल्या बसल्या १२ वॅटच्या वर, आणि ईएल८४ ची मर्यादाच १२ वॅट. बायसच्या वाटेतला २२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून ३३ चा घातला आणि आकडा नऊ वॅटच्या आत आला. क्लीन सूर मोकळे झाले, वरचा कर्कश काठ गेला. हा बदल काही रुपयांचा आहे!

ट्यूबांविषयी थोडक्यात. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची ईएल८४ ची जोडी घातली, समाधानी आहे. प्रीअँपच्या पहिल्या जागी मात्र काकांच्या डब्यातली भारत इलेक्ट्रॉनिक्सची जुनी ईसीसी८३ आहे (१२एएक्स७ चंच युरोपीय नाव). बोटाने टिचकी मारली तरी घंटेसारखी वाजत नाही, याचं मला फार अप्रूप. आपल्या देशात बनलेला व्हॉल्व्ह आज माझ्या खोलीत ब्लूज वाजवतोय, याचा आनंद आवाजाच्या हिशोबापलीकडचा आहे.

पावसाळ्यात जॅक आणि पॉट खरखरले, काँटॅक्ट क्लीनरने साफ झाले. ट्यूबच्या सॉकेटच्या पिना पकडीतून सैल पडल्या होत्या, त्या घट्ट करून घेतल्या. त्यानंतर तक्रार नाही.

फ्लॅटमध्ये मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) दोनच्या वर जात नाही. पंधरा वॅट ऐकायला कमी वाटतात, पण शेजाऱ्यांना पुरेसे असतात. ड्रमसोबत अगदी स्वच्छ आवाज हवा असणाऱ्याला हा कमी पडेल, त्याने मोठा अँप बघावा. गिटारचा व्हॉल्यूम कमी-जास्त करून बोटांनी आवाज फाडायचा-मिटवायचा असेल, तर मात्र या पैशांत मला याहून सुखाचं काही सापडलेलं नाही. दुरुस्तीला ट्रान्सफॉर्मर धरून नऊ हजार गेले. विकत घेताना तेवढे बाजूला ठेवूनच भाव करा.