मेथिलेशन मोजायचंय, पण कोणाचं? चिप, आरआरबीएस की अख्खा जीनोम

प्राण्यांच्या उत्क्रांतीत डीएनए मेथिलेशन (डीएनएच्या ए, सी, जी, टी या अक्षरांपैकी सीवर बसणारी मेथिल ही रासायनिक खूण) कसं बदलत गेलं, यावर काम सुरू करणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या भेटीत एकच विचारतो: ठरलेल्या जागा तपासणारी चिप घेऊ, जीनोमचा निवडक भाग वाचणारं आरआरबीएस करू की अख्खा जीनोम (प्राण्याचा सगळा डीएनए) वाचू? मी उलट विचारतो, यादीत प्राणी कोणते?

मेथिलेशनचा कारभार सगळीकडे सारखा नाही, म्हणून हा प्रश्न आधी. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे 2 कोटी 80 लाख सीपीजी जागा आहेत, म्हणजे जिथे सीनंतर लगेच जी येतो अशा. त्यांतल्या 70 ते 80 टक्के मेथिलेटेड असतात. मधमाशीत कोटीभर सीपीजींपैकी जेमतेम 70 हजार, आणि त्याही बहुतेक जनुकांच्या आत. फळमाशीकडे तर डीएनएमटी1 आणि डीएनएमटी3 ही मेथिलेशन करणारी नेहमीची एन्झाइम्सच नाहीत. तिच्यासाठी मेथिलेशनचं किट मागवायला निघाला असाल तर पैसे वाचवा.

यादीत फक्त सस्तन प्राणी असतील तर चिप. संशोधक स्टीव्ह हॉर्वाथ यांच्या गटाने बनवलेल्या या चिपवर सस्तनांत टिकून राहिलेल्या सुमारे 36 हजार सीपीजी जागा आहेत. तिच्यावर 348 प्रजातींचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 185 प्रजातींना एकत्र चालणारी, मेथिलेशनवरून वय सांगणारी ‘घड्याळं’ही आली. वटवाघूळ असो वा देवमासा, त्याच जागा मोजल्या जातात, त्यामुळे तुलना सरळ होते. डेटा लहान, लॅपटॉपवर भागतं. वय किंवा आयुर्मान हा विषय असेल तर दुसरीकडे बघूच नका.

पण एक गोम आहे. चिपवरचा प्रोब (जागा ओळखणारा डीएनएचा छोटा तुकडा) 50 अक्षरांच्या तुकड्यावर बसतो, म्हणून तो तुकडा फारसा न बदललेला असावा लागतो. म्हणजे जिथे डीएनएचा क्रम बदलला नाही, तिथलंच मेथिलेशन तुम्हाला दिसतं. जिथे क्रम बदलला आणि त्याबरोबर नियंत्रणही बदललं, ती जागा चिपला अदृश्य. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला नेमकी तीच हवी असते! कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांकडे गेलात की चालणारे प्रोबही कमी होतात.

मासे, बेडूक, सरडे, पक्षी असा मोठा पसारा असेल आणि निम्म्यांचा रेफरन्स जीनोमच (ताडून बघायला आधीच वाचून ठेवलेला जीनोम) नसेल, तर आरआरबीएस. एमएसपीआय हे एन्झाइम सीसीजीजी दिसलं की कापतं, आतला सी मेथिलेटेड असो वा नसो. लहान तुकडे वेचले की सीपीजीने भरलेला भाग आपोआप हाती येतो आणि सीक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचण्याचा, खर्च बराच उतरतो. व्हिएन्नातल्या एका गटाने याच पद्धतीने 580 प्राणीप्रजातींचा नकाशा 2023 मध्ये मांडला, तोही रेफरन्स जीनोमवर न विसंबता. डोकेदुखी एकच: वाचण्याआधी डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात आणि त्यानंतर मेथिलेशन नसलेला सी हा टी म्हणून वाचला जातो. समोर टी दिसला, तर तो जन्मजात टी की बदललेला सी? रेफरन्स नसेल तर हे कोडं रीड्स (वाचलेले तुकडे) एकमेकांशी ताडूनच सोडवावं लागतं.

कीटकांसाठी मात्र मी आरआरबीएस सुचवत नाही. मधमाशीत मेथिलेटेड जनुकंच सीपीजीने गरीब असतात. तुम्ही सीपीजीची दाटी वेचता आणि मेथिलेशन नेमकं विरळ भागात बसलेलं असतं.

तिथे अख्खा जीनोम वाचा. ऐकायला महाग वाटतं, पण हिशेब करा. माणसाचा जीनोम सुमारे 3 अब्ज अक्षरांचा, 30 पट खोलीला, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचायला, 90 अब्ज अक्षरं वाचावी लागतात. मधमाशीचा सुमारे 23 कोटींचा, तेवढ्याच खोलीला 7 अब्जांत काम होतं.

इथे मी एकदा स्वतःच आपटलोय. लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) बनवताना लॅम्डा या विषाणूचा, मुद्दाम मिसळायचा डीएनए घालायला विसरलो. या कामाच्या लॅम्डावर मेथिलेशन नसतं, म्हणून त्याचा प्रत्येक सी बदलायलाच हवा. जितके उरले, तितकी रासायनिक प्रक्रिया कच्ची. समजा 99.5 टक्के सी बदलले. माणसाच्या नमुन्यात उरलेला अर्धा टक्का कोणी विचारणार नाही, पण मधमाशीत खरं मेथिलेशनच सीपीजींच्या पाऊण टक्क्याच्या आसपास आहे. लॅम्डाशिवाय खरं किती आणि कच्चं किती, हे सांगताच येईना. अख्खा रन पाण्यात.

बायसल्फाइट डीएनएच्या चिंध्या करतं, म्हणून नमुना थोडा असेल तर एन्झाइमवाली ईएम-सीक पद्धत बरी. नॅनोपोअर हे सीक्वेन्सिंगचं तंत्र मूळ डीएनए थेट वाचतं आणि पुनरावृत्त भागांत त्याला तोड नाही, पण त्याला लांब, धडधाकट डीएनए लागतो. संग्रहालयातल्या बरणीतला नमुना त्याच्या कामाचा नाही.

पद्धत कुठलीही घ्या, रक्ताच्या नमुन्यांची तुलना करताना सांभाळा. पक्षी, मासे, बेडकांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, सस्तनांच्या नसतं. कोंबडीचं रक्त म्हणजे मुख्यतः तांबड्या पेशींचं मेथिलेशन, उंदराचं म्हणजे पांढऱ्या पेशींचं. या दोन आकड्यांतल्या फरकाला उत्क्रांती म्हणून मोकळे होऊ नका. यकृताशी यकृत लावा.

आणि काहीही मागवण्याआधी एक दुपार फुकटच्या कामाला द्या. मेथिलेटेड सी पिढ्यान् पिढ्या टी होत जातो, त्यामुळे जिथे बीजपेशींत मेथिलेशन होतं तिथे सीपीजी झिजलेले असतात. तुमच्या प्राण्याच्या प्रत्येक जनुकात अपेक्षेच्या मानाने किती सीपीजी उरलेत ते मोजा आणि आलेख काढा. मधमाशीत दोन उंचवटे दिसतात, झिजलेल्या जनुकांचा आणि न झिजलेल्यांचा. तुमच्या किड्यात एकच उंचवटा आला आणि जीनोममध्ये डीएनएमटीही सापडलं नाही, तर किटची ऑर्डर थांबवा.