आठ्या गेल्या आणि डोळा मिटला

माझ्या उजव्या डोळ्याची वरची पापणी नेमकी कधीपासून खाली उतरू लागली हे मला सांगता येणार नाही, कारण आरशात रोज दिसणारा चेहरा हळूहळू बदलत असेल तर तो बदलला आहे हे आपल्या ध्यानात सर्वांत शेवटी येते. निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याकरिता भाच्याने मोबाइलवर माझा चेहरा टिपायला घेतला आणि दोन-तीनदा तो म्हणाला, "मावशी, डोळा नीट उघड ना," तेव्हा मी डोळा पूर्ण उघडाच धरला होता. त्यानंतर मात्र मला ते सारखे जाणवू लागले. वाचताना हनुवटी वर करावी लागे, संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकू लागे, आणि म्हार्दोळच्या देवळात भेटणाऱ्या बायका "झोप झाली नाही का?" असे विचारत. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, मुलांना चिकित्सक बुद्धीचे महत्त्व सांगितले, आणि तरीही पुढे जे लिहिते आहे ते माझ्याच बाबतीत घडले, हे आधी कबूल करते.

भाच्याच्या बायकोने मोबाइलवर आलेली एक जाहिरात दाखवली. पणजीतील एका सौंदर्योपचार केंद्रात शस्त्रक्रियेविना, टाक्यांविना पापणी उचलून देतात, असे त्यात होते, आणि शेजारी-शेजारी लावलेल्या दोन छायाचित्रांत एका बाईचा मिटू लागलेला डोळा टपोरा झालेला दिसत होता. मी संदेश पाठवला. "१०० टक्के खात्री, वेदना नाही, लगेच फरक" असे उत्तर पाच मिनिटांत आले. (तो संदेश मी पुसून टाकला नाही, ही या प्रकरणातील माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट.)

केंद्र वातानुकूलित आणि चकचकीत होते. समोर बसलेल्या मुलीने मला "आंटी" म्हणत पाणी दिले, चेहऱ्याकडे पाहिले आणि वयामुळे कातडी सैल झाली आहे, ती आवळली की पापणी आपोआप वर जाईल, असे सांगितले. कातडी गरम करून आवळणाऱ्या रेडिओलहरींच्या यंत्राच्या सहा बैठका आणि "सोबत एक भेट", असे मिळून छेचाळीस हजार रुपये ठरले. त्यांतले वीस हजार मी तिथेच यूपीआयने भरले. कोणी माझी पापणी मोजली नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, संध्याकाळी त्रास वाढतो का, एकाचे दोन दिसते का, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. इंग्रजीत छापलेल्या तीन पानांवर सह्या मात्र घेतल्या, आणि मीही त्या न वाचता केल्या.

पहिल्या बैठकीचा प्रसंग सविस्तर सांगते, कारण खरी फसवणूक तिथेच झाली आणि ती मला चार महिन्यांनी कळली. आत गेल्याबरोबर त्यांनी माझे एक छायाचित्र काढले, तेही "चेहरा सैल सोडा, खाली बघा, आता हळूच समोर बघा" असे सांगून. मग डोळ्यांभोवती अर्धा तास यंत्र फिरवले. ते आटोपल्यावर "थंडाव्यासाठी" म्हणून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, दहा-पंधरा मिनिटे पडून राहायला सांगितले, आणि नंतर खिडकीजवळ उभे करून, "आंटी, हसा, डोळे मोठे करा," असे म्हणत दुसरे छायाचित्र काढले. दोन्ही छायाचित्रे शेजारी लावून दाखवली तेव्हा मी चकित झाले. पापणी खरोखरच वर गेली होती, डोळ्याचा पांढरा भागही स्वच्छ दिसत होता. बाहेर पडल्यावर उन्हाने डोळे विलक्षण दिपले, पण आनंदाच्या भरात मी त्याचा विचार केला नाही आणि उरलेले सव्वीस हजार त्याच संध्याकाळी पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी पुन्हा जागच्या जागी होती. फोन केला तेव्हा "सहा बैठका होईपर्यंत असे वर-खाली होतेच," असे सांगण्यात आले.

तिसऱ्या बैठकीला ती "भेट" मिळाली. कपाळावरच्या आठ्या घालवण्यासाठी बोटॉक्सची सुई. पांढरा कोट घातलेल्या ज्या व्यक्तीने ती टोचली तिचे आडनाव मला आजतागायत ठाऊक नाही, आणि तिचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक ना भिंतीवर होता, ना पावतीवर. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवला पाहिजे असा नियम आहे, हे मला नंतर कळले. आठवड्याभरात कपाळ आरशासारखे गुळगुळीत झाले आणि त्याबरोबर भुवई खाली बसली, आणि उजवा डोळा इतका मिटला की एकदा जिना उतरताना वरच्या तुळईवर माझे डोके आपटले. पदार्थ फोडणीला टाकतानासुद्धा मी एका बोटाने पापणी धरून ठेवू लागले. केंद्रातून उत्तर आले की औषध "बसायला" वेळ लागतो.

फोंड्याच्या बाजारात एक चष्म्याचे दुकान आहे. चालवणारा माझा जुना विद्यार्थी. पापणीला आधार देणारी बारीक तार चष्म्याच्या चौकटीला लावून मिळते असे कोणीतरी सांगितले होते म्हणून मी त्याच्याकडे गेले. त्याने कागदावर काही लिहून घेतले नाही, नुसते माझ्या भुवया बोटांनी दाबून धरल्या आणि "बाई, आता डोळे उघडा," असे म्हणाला. मला उघडता येईनात. "बाई, हे कातडीचं काम नाही. पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलाय. तार मी लावून देतो, पण आधी बांबोळीला दाखवून या. आणि हे कपाळ कोणी गोठवलं तुमचं?" त्याच्या आवाजात जो राग होता तो ऐकून मला प्रथमच आपण फसलो आहोत असे स्पष्ट वाटले.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात, नेत्रविभागात रांग असते, केसपेपर काढावा लागतो आणि सगळी सकाळ जाते. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या वीस मिनिटांत जेवढे विचारले तेवढे पणजीत तीन महिन्यांत कोणी विचारले नव्हते. त्रास एकाएकी सुरू झाला की हळूहळू? दुखते का, एकाचे दोन दिसते का? संध्याकाळी गिळताना किंवा बोलताना थकवा येतो का? जुनी छायाचित्रे आहेत का? प्रत्येक प्रश्नामागचे कारणही त्यांनी सांगितले. पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली आणि डोके दुखू लागले तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा मज्जातंतूला दाबत असण्याची शक्यता असते आणि त्यात तासांचा हिशेब असतो. पापणी थोडी पडून त्याच बाजूची बाहुली बारीक झाली आणि मान दुखत असेल तर मानेतील रोहिणीचा विचार करावा लागतो. दिवस कलेल तशी पापणी अधिक पडत असेल तर मायस्थेनिया नावाचा, स्नायू लवकर थकवणारा आजार असू शकतो. तो नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांनी मला बराच वेळ वर टक लावून बघायला सांगितले, मग मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून पुन्हा मोजले. मायस्थेनियात गारव्याने पापणी तात्पुरती वर येते. माझी आली नाही. त्या आजारात बोटॉक्स धोकादायक ठरू शकते, एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मला मात्र घरी येईपर्यंत त्याच वाक्याने पोखरले.

मोजमापही मी प्रथमच पाहिले. डोळ्यात उजेड टाकला की बाहुलीत जो ठिपका चमकतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर डाव्या डोळ्यात चार मिलिमीटर होते, उजव्यात एकच. खाली पाहून वर पाहताना पापणी किती सरकते हे त्यांनी भुवई दाबून मोजले, कारण एरवी कपाळ मदतीला धावते. ते चौदा भरले, म्हणजे स्नायूत दम होता. पण पापणीवरची घडी नेहमीपेक्षा बरीच वर सरकली होती. स्नायूला पापणीशी जोडणारा पातळ पडदा सुटत चालला होता. वयाने असे होते, वर्षानुवर्षे काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही होते. माझ्या उजव्या डोळ्याची ती शस्त्रक्रिया २०१९ साली झाली होती.

मग त्यांनी माझ्या डोळ्यात एक थेंब घातला आणि बाहेर बाकावर बसायला सांगितले. दहा मिनिटांनी आत बोलावून मोजले तर पापणी एक मिलिमीटर वर आली होती, डोळा पांढरा स्वच्छ दिसत होता, आणि खिडकीकडे पाहताच मला ती ओळखीची दिपवणूक झाली. मी तिथेच पणजीतल्या थेंबांची हकीकत सांगितली. त्या थोड्या हसल्या. पापणीत मुख्य स्नायूखेरीज म्युलरचा म्हणून एक छोटा स्नायू असतो आणि फिनाइलएफ्रिनसारख्या औषधाने तो काही तास आकसतो. कोणती शस्त्रक्रिया उपयोगी पडेल हे ठरवण्यासाठी डॉक्टर ही चाचणी करतात. त्याच जातीचा थेंब छायाचित्रापूर्वी घातला की अर्ध्या तासात "उपचार" यशस्वी होतो. माझ्या छायाचित्रापूर्वी नेमके कोणते औषध घातले हे सिद्ध करायला माझ्याकडे बाटली नाही, पण बाहुली मोठी झाली होती याला ते छायाचित्रच साक्षी आहे.

कपाळाबद्दल त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला रडू आले. माझ्या आठ्या म्हाताऱ्या वयाच्या नव्हत्याच. पडणारी पापणी वर ठेवण्यासाठी कपाळाचा स्नायू रात्रंदिवस भुवई ओढून धरत होता, त्या श्रमाच्या त्या रेघा होत्या. बोटॉक्सने तो मदतनीसच लुळा पाडला. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो, त्यामुळे तो उतरेपर्यंत नेमके मोजता येत नाही आणि शस्त्रक्रियाही करता येत नाही. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर माझे चार महिने चष्म्याच्या तारेवर काढावे लागले. तार मात्र चांगली निघाली. थोडी टोचते आणि डोळा कोरडा पडतो म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावे लागतात, पण वाचता येते.

शस्त्रक्रियेविना उपायच नाहीत असे मी म्हणत नाही. अशी तार आहे, चिकटपट्टी आहे. प्रौढांमध्ये नंतर उद्भवलेल्या या तक्रारीसाठी ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्के थेंबांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये मान्यता दिली आहे. ते दिवसातून एकदा घालायचे, परिणाम काही तासांचा आणि सुमारे एका मिलिमीटरचा. रक्तदाब किंवा काचबिंदूचा धोका असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घालू नयेत. नाकात घालायच्या बाटलीवर तेच नाव दिसले म्हणून ती डोळ्यात घालण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. मायस्थेनिया असेल तर बहुधा औषधाने पापणी उचलते, सुरीची गरज पडत नाही. नुसती कातडीच लोंबत असेल तर जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी, आणि जन्मतः पडलेल्या पापणीत स्नायूच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला दोरीसारख्या पट्टीने जोडतात, ती आणखी वेगळी. लहान मुलांत तर वाट पाहणेच घातक ठरू शकते, कारण झाकलेल्या डोळ्याची दृष्टी मागे पडते. पण सैल झालेला स्नायूचा पडदा कातडी तापवून जोडला जात नाही.

माझी शस्त्रक्रिया जागच्या जागी भूल देऊन झाली. घडीतून छेद घेऊन सुटलेला पडदा पुढे ओढून टाके घातले आणि मधेच मला टेबलावर उठवून बसवले, "समोर बघा, आता वर बघा," म्हणत उंची जुळवली. आधीच डॉक्टरबाईंनी बजावले होते की अर्धा मिलिमीटर फरक राहू शकतो, क्वचित पुन्हा टेबलावर यावे लागते, आणि एक पापणी उचलली की दुसरी थोडी उतरलेली दिसू शकते, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम देतो. तसेच झाले. डावी पापणी आता किंचित खाली वाटते. काही आठवडे झोपेत डोळा पूर्ण मिटत नसे, म्हणून रात्री मलम घालत होते. १०० टक्के खात्री त्यांनी एकदाही दिली नाही.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने सही केलेल्या कागदाकडे बोट दाखवले आणि फार तर "तेवढ्या रकमेचे फेशियल" देऊ केले. पावती काढून पाहिली तर तिच्यावर पापणीचा शब्दही नव्हता, "त्वचा निगा पॅकेज" एवढेच लिहिले होते. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात असल्यामुळे पणजीतल्या केंद्राविरुद्धची माझी तक्रार दक्षिणेच्या आयोगाकडे गेली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते. मी तो संदेश, यूपीआयच्या नोंदी, पावती, दोन्ही छायाचित्रे आणि गोमेकॉच्या केसपेपरवरची मापे जोडली आहेत. निकाल अजून लागलेला नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याच्या बायकोने पुन्हा एक जाहिरात दाखवली. त्यात या वेळी चेहरा माझा आहे, कारण न वाचलेल्या त्या तीन पानांत छायाचित्र वापरण्याची परवानगीही मी दिली होती. खाली तिघींनी किंमत विचारली आहे. मी ते छायाचित्र बोटांनी मोठे करून पाहिले. हनुवटी वर उचललेली, कपाळावर तीन आठ्या ठळक, आणि खिडकीच्या लख्ख उजेडातही बाहुली चवलीएवढी मोठी.