बॅलेचं सबस्क्रिप्शन, ११ महिन्यांनंतर: सगळे दिसतात, पियानोवाला सोडून

परवा मेल आला की तुमचं बॅलेच्या व्हिडिओंचं वार्षिक सबस्क्रिप्शन २८ तारखेला आपोआप पुढे चालू होईल. 'आपोआप' हा शब्द दिसला की मी खडबडून जागा होतो. गेल्या वर्षी ९,००० रुपये म्हणून घेतलं आणि कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये वर परकीय चलनाचे ३१५, शिवाय त्या ३१५ वर जीएसटीचे ५७ निघाले. या वेळी पैसे कापले जायच्या आत हिशेब मांडावा, म्हणून हे लिहितोय. किती स्क्रीनवर चालतं, डाउनलोड होतं का, वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे. त्यात शिरत नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढची चिडचिड कळेल. मी कथकच्या क्लासमध्ये लेहरा धरतो, पेटीवर. गेली २३ वर्षं, कोथरूड आणि सदाशिव पेठ मिळून आठवड्याचे पाच दिवस. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून या गावात कथक इतकं रुजलंय की माझ्यासारख्याला काम कमी पडत नाही. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ तासन् तास वाजवायची, लय ढळू द्यायची नाही आणि पत्रिकेत तबल्याच्या खाली नाव. तेही कधी कधी आडनाव चुकवून.

बॅलेचा नाद एका विद्यार्थिनीमुळे लागला. २०१४ पासून 'वर्ल्ड बॅले डे' नावाचा प्रकार असतो. पहिल्या वर्षी लंडनची रॉयल बॅले, मॉस्कोची बोल्शॉय, ऑस्ट्रेलियन बॅले, नॅशनल बॅले ऑफ कॅनडा आणि सॅन फ्रान्सिस्को बॅले या पाच कंपन्यांनी आपला दिवस कसा जातो ते इंटरनेटवर थेट दाखवलं. सगळं फुकट. तिनं त्यातला रॉयल बॅलेचा सकाळचा क्लास मोबाइलवर दाखवला आणि म्हणाली, "काका, बघा, यांच्याकडे पण तुमच्यासारखे कुणीतरी आहेत." पियानोचा आवाज येत होता. माणूस दिसत नव्हता. मी तीन वर्षं फुकटचं बघितलं आणि मग ते पुरेना.

पहिल्या दोन महिन्यांत मी हे लिहिलं असतं तर पाचपैकी तीनच तारे दिले असते. कारण मी प्रयोग बघत होतो. 'स्वान लेक' बघितलं, तिसऱ्या अंकातल्या त्या ३२ फुएते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, मोजल्या. पिएरिना लेन्यानीनं १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगात त्या केल्या आणि तेव्हापासून प्रत्येकीच्या मानगुटीवर बसल्या. एका मात्रेला एक गिरकी धरली तर तीनतालाची बरोबर दोन आवर्तनं होतात. आमच्या मुली टाचेवर चक्कर घेतात, या चवड्याच्याही पुढे, बुटाच्या टोकावर. नजर मात्र दोघींची सारखीच, एका जागी खिळवलेली. मान सगळ्यात शेवटी निघते आणि सगळ्यात आधी पोचते. हे सगळं छान आहे. पण ऑर्केस्ट्रा, झगमगाट, रंगवलेलं तळं... ते वर्षाचे नऊ हजार देऊन बघण्यासारखं मला वाटेना. सवाईची जमिनीवरची बैठक अजून परवडते.

मग एका रविवारी चुकून क्लासच्या विभागात गेलो. तिथून मी परत आलेलो नाही.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. बॅले कंपनीत कितीही मोठी नर्तकी असो, दिवसाची सुरुवात क्लासनं. सव्वा ते दीड तास. पहिला अर्धा-पाऊण तास दांडा धरून, मग दांडे बाजूला करून मधे. मारियानेला नून्येझ २००२ पासून रॉयल बॅलेची प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीची नर्तकी आहे. तीही त्याच दांड्याला धरून काल भरती झालेल्या पोरींबरोबर गुडघे वाकवते. अंगावर फाटके लोकरी पायमोजे, कुणाची फुगलेली प्लास्टिकची विजार, कुणी नवऱ्याचा असावा असा स्वेटर. जसजसं अंग तापतं तसा एकेक थर उतरून कोपऱ्यात पडतो. आमची ही पहिल्यांदा बघताना म्हणाली, "अहो, अर्धा तास झाला, त्या अजून भिंतीलाच धरून आहेत?" आहेत. आमच्या मुली पाऊण तास नुसता तत्कार, म्हणजे पायांचं काम, करतात तेव्हा त्यांचे आईवडीलही बाहेर चपलांपाशी हेच विचारतात.

शिकवणारा पुढे येतो आणि पढंत केल्यासारखा एका दमात बोल म्हणतो: तांद्यू पुढे दोन, बाजूला दोन, प्लिए, वळा, बालान्स. बोल फ्रेंचच, लंडन असो की मेलबर्न. चौदाव्या लुईनं १६६१ साली नृत्याची अकादमी काढली, तिथपासूनचा हा वारसा. बोल म्हणताना तो पायांचं काम हातांनी दाखवतो आणि समोरचे पन्नास जण तळहात पायांसारखे हलवून पाठ करतात. एकदा. दुसऱ्यांदा सांगत नाही. मग पियानोकडे मान वळवून 'आणि' एवढंच म्हणतो.

त्या एका 'आणि'वर पियानोवाला सुरू करतो. त्याला आधी काही सांगितलेलं नसतं! त्यानं तो हात बघितलेला असतो, तेवढ्यावर लय, ठेका, आठ-आठ मात्रांचे किती तुकडे, सगळं ठरवायचं. राँ द जांब म्हणजे पायानं जमिनीवर अर्धवर्तुळ. तिथे तीनचा डोलणारा ठेका. फ्रापेला, म्हणजे पाय झटक्यानं बाहेर मारताना, तुटक, टोकदार. ग्राँ बात्मांला, म्हणजे पाय कपाळापर्यंत फेकायच्या वेळी, लष्करी कवायतीसारखं. शेवटच्या मोठ्या उड्या आधी बायका करतात, मग पुरुष. पुरुष जास्त वेळ हवेत राहतात, त्यामुळे तीच धून त्याला तिथल्या तिथे जड करावी लागते. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पेटीच्या भात्यावर हात असल्यासारखा डावा हात आपोआप थांबला. कुणी इशारा केला नव्हता. पुरुषांची पहिली रांग कोपऱ्यात उभी राहिली आणि लय खाली आली.

आणि एवढ्या सगळ्यात कॅमेरा कुठे? दांड्यावरच्या मनगटावर. घामावर. खिडकीतून येणाऱ्या उन्हावर. क्लास संपताना सगळे आधी शिकवणाऱ्याला आणि मग पियानोकडे वळून टाळ्या वाजवतात, तेव्हासुद्धा कॅमेरा टाळ्या दाखवतो. ज्याच्यासाठी टाळ्या, तो फ्रेमच्या बाहेर. सबटायटल लावलं तर चौकटी कंसात 'पियानो वाजतो'. वाजतो! आपोआप, माझ्या सबस्क्रिप्शनसारखा. संग्रहातल्या ६१ क्लासपैकी फक्त १४ ठिकाणी खालच्या माहितीत वाजवणाऱ्याचं नाव आहे. मी मोजलंय, वहीत यादी आहे. देगानं १८७० च्या दशकात पॅरिसच्या ऑपेरातल्या तालमी रंगवल्या, तेव्हा क्लासला व्हायोलिन असायचं. आणि त्या चित्रांत मुलींच्या गर्दीत खुर्चीवर बसलेला म्हातारा व्हायोलिनवाला आहे, दाढीसकट. त्याला जे ब्रशनं जमलं, ते यांना चार कॅमेऱ्यांनी जमत नाही.

आता भांडणाचा भाग.

मार्चपासून माझी तक्रार अशी होती की आवाज मागे राहतो. फार नाही, पण मला कळतं, माझं पोट त्यावर आहे. टाच टेकते आणि सूर नंतर येतो. म्हणजे पन्नासच्या पन्नास जण लयीच्या पुढे नाचताहेत असं दिसायचं. मी त्यांना नऊ मेल केले. उत्तरं ठरलेली: कॅशे साफ करा, ॲप काढून परत टाका, इंटरनेटचा वेग तपासा. वेग तपासला. मेट्रोनोमचा व्हिडिओ काढून पाठवला. सातव्या मेलनंतर 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं आलं, तेव्हा मी दोन तारे कापायचे ठरवले आणि या लेखाचा पहिला मसुदा लिहिला. तो भलताच कडक होता.

गणपतीत भाचा आला. दहा मिनिटं बघून म्हणाला, "मामा, साउंडबार ब्लूटूथवर आहे ना? मागे राहणारच. वायर लाव."

तपकीर गल्लीत वायर घेतली. २५० सांगितली, १८० ला दिली. घरी येऊन लावली आणि सगळे समेवर आले.

तर आवाजाबद्दलची तक्रार मागे घेतो. कंपनीला तसं कळवलेलं नाही. नऊ मेलमध्ये एकदाही 'ब्लूटूथवर ऐकता का' हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे अर्धा तारा कापलेलाच राहील.

वायर लावल्यावर आणखी एक झालं. त्या बुटांचा आवाज ऐकू यायला लागला. पॉइंट शूज गुलाबी आणि मऊ दिसतात खरे, पण आतलं टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचं, वाळून कडक झालेलं. नवे बूट या बायका जमिनीवर आपटतात, दारात चेपतात, शिवतात, कारण कडक बूट स्टेजवर वाजतो. प्रयोगात ऑर्केस्ट्रा तो आवाज गिळतो. क्लासमध्ये एकटा पियानो, त्यामुळे सगळ्या जणींची टुकटुक स्पष्ट येते. आमच्याकडे आवाज व्हावा म्हणून पायात शेर-दोन शेर घुंगरू बांधतात आणि यांची सगळी धडपड आवाज होऊ नये म्हणून. उडी मारून उतरताना जिचा आवाज येत नाही ती भारी, एवढी परीक्षा मला आता डोळे मिटून करता येते.

एक गोष्ट मात्र ११ महिन्यांत अंगवळणी पडली नाही. यांचं आठवर संपतं. सहा, सात, आठ, आणि पाय पाचव्या स्थितीत बंद. मी एकची वाट बघत बसतो. आमची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, धावत येऊन समेवर, त्या एकवर आदळते तेव्हाच ऐकणाऱ्याची मान हलते. इथे शेवटची पोझ घेऊन झाली तरी माझी मान तशीच ताटकळलेली. एकदा ताईंना, म्हणजे ज्यांच्या क्लासला मी वाजवतो त्यांना, घरी बोलावून एक अख्खा क्लास दाखवला. त्यांनी सव्वा तास एक शब्द काढला नाही. जाताना म्हणाल्या, "यांचे सगळे वर जायला बघतात हो. आणि तुमचा तो पियानोवाला त्यांना खाली धरून ठेवतो." दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी मुलींना तत्कार हातांनी पाठ करायला लावला. मला एका 'आणि'वर सुरू करायला सांगितलं नाही, हे नशीब.

डेन्मार्कच्या परंपरेबद्दलही इथेच कळलं. तिथले नृत्यगुरू ऑगस्ट बुर्नोनव्हील १८७९ ला गेले. त्यांच्या शिष्यांनी त्यांचे पाठ सोमवार ते शनिवार असे सहा वारांत बांधून टाकले, प्रत्येक वाराचं संगीतही ठरलेलं. कित्येक दशकं कोपनहेगनचे नर्तक दर सोमवारी तोच सोमवार नाचले. मला आधी हे भयंकर वाटलं. मग आठवलं की मी १९ वर्षं मंगळवारी चंद्रकंस रागातला लेहराच वाजवतो.

पैशाचं बोलू. ९,३७२ रुपये, ८६ क्लास (काही दोनदा, २३ नंबरचा सहा वेळा). दर क्लासला १०९ रुपये पडले. एवढ्यात पुण्यात आता एकाची धड मिसळही होत नाही. मेहुण्याचं म्हणणं की वर्ल्ड बॅले डेचं जुनं रेकॉर्डिंग फुकट पडलेलं असताना पैसे कशाला. त्याला क्लास म्हणजे व्यायाम वाटतो. फुकटच्यात निवेदक मधे मधे बोलतो आणि नेमका पियानोवर बोलतो. इथे कुणी बोलत नाही. माझ्या लेखी १०९ रुपये त्या गप्प बसण्याचे आहेत.

२३ नंबरचा क्लास सहा वेळा का, तर त्यात फाँद्यूच्या, म्हणजे एका पायावर गुडघा सावकाश वाकवायच्या, वेळी वाजवणारा एक वळण घेतो. डाव्या पायाच्या वेळी तीच धून परत येते आणि तो ती चढी सुरू न करता खालच्या अंगानं घेतो. मागच्या रांगेतली पिकल्या केसांची एक नर्तकी तेवढ्यात मान वळवून पियानोकडे बघते आणि हसते. बाकी कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कॅमेऱ्याच्या तर नाहीच. तिची नजर कुठे जाते त्यावरून तो पियानो खिडकीच्या डाव्या हाताला असावा, एवढं मी शोधून काढलंय.

त्या क्लासच्या माहितीत नाव नाही. जुलैत विचारलं, 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे' असं उत्तर आलं. परवा पुन्हा विचारलंय आणि लिहिलंय की २८ च्या आत कळवा. सबस्क्रिप्शन तसंही चालू ठेवणार आहे, पण ते त्यांना कशाला सांगू. नाव कळलं तर इथेच खाली टाकतो.